‘डॉलर घ्या, सगळं चालतं’ हे सांगणं आता थांबवा

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील परदेश सहलींचे आयोजक,
तसेच याच जिल्ह्यांतील सहकारी बँकांचे शाखाधिकारी

विषय : परदेशी जाणाऱ्या प्रवाशांचा हातखर्च

स. न. वि. वि.

दिवाळी उरकली, कपाशीचे पैसे हाती आले की रावेर-यावलपासून शहाद्यापर्यंत थायलंड, दुबई, सिंगापूर, युरोपच्या सहलींची नावनोंदणी सुरू होते. निघण्याआधी तुम्ही एखाद्या मंगल कार्यालयात बैठक घेता. व्हिसा, थंडीचे कपडे, बॅगेचं वजन, लसणाची चटणी विमानात चालते की नाही, यावर तासभर जातो. मग मागच्या रांगेतून एखादे काका विचारतात, पैसे कसे न्यायचे? उत्तर एका दमात येतं : “डॉलर लई ल्या भो, बठ्ठं चालस.” आणि बैठक चहाकडे वळते.

बठ्ठं चालत नाही, म्हणून हे पत्र. पैसे तीन जागी वाटून न्यायचे असतात : थोडी रोकड, मोठा भाग फॉरेक्स कार्डावर (त्याबद्दल पुढे), आणि अडीअडचणीला बँकेचं एक कार्ड. या तिन्हींची तयारी गावातच, निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी झाली पाहिजे. गाडी कल्याणच्या पुढे गेल्यावर आठवलेल्या गोष्टीला विमानतळावरचा काउंटर हा एकच उपाय उरतो, आणि तिथला भाव शहरातल्या भावापेक्षा हमखास वाईट असतो.

आधी सगळ्यात अवघड बोलून टाकतो. तुमच्यापैकी काहीजण बसमध्येच प्रवाशांना डॉलर विकतात. काहीजण ‘ओळखीच्या माणसा’कडे पाठवतात, तो कापडाच्या दुकानामागे बसून विकतो. परकीय चलन विकण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या बँका आणि मनी चेंजर यांनाच आहे. सहल कंपनीला नाही, सराफाला नाही, पतसंस्थेलाही नाही. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात अशा व्यवहारासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. शिवाय अशा डॉलरची पावती नसते, त्यामुळे नोट खोटी निघाली तर कुणाकडे बोट दाखवणार? पावती उरलेले पैसे परत विकताना लागते आणि कस्टमने विचारलं तर तीच कामाला येते. रुपयाला पाच पैसे वाचवायच्या नादात हे ओझं ज्येष्ठ नागरिकांच्या खिशात घालू नका.

चलन कायदेशीर मार्गाने घ्यायला पासपोर्ट, पॅन, तिकीट, लागत असेल तिथे व्हिसा आणि ए-२ नावाचा एक फॉर्म पुरतो. गाडी अडते ती पॅनवर. घरातल्या वयस्क बाईंकडे पॅन नसतो, किंवा असला तरी त्यावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर नवा ई-पॅन ऑनलाइन लगेच निघतो. नावातली तफावत दुरुस्त करायला मात्र दिवस लागतात. म्हणून पासपोर्टची झेरॉक्स घेता त्याच दिवशी पॅनची मागा आणि दोन्हींवरची नावं शेजारी धरून अक्षर न् अक्षर वाचा.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. शेतकरी पिशवीत नोटा घेऊन येतो आणि दोन लाखांचे डॉलर मागतो. रोख रुपये देऊन फक्त ५०,००० रुपयांपर्यंतचं चलन मिळतं. त्यावरची रक्कम चेक, डीडी, कार्ड किंवा ऑनलाइन, आणि शक्यतो प्रवाशाच्याच खात्यातून गेली पाहिजे. तेव्हा पिशवीतले पैसे आधी खात्यात जाऊ द्या. परदेशी नोटांच्या रूपात एका प्रवासात माणशी ३,००० डॉलरपर्यंतच चलन मिळतं. बाकीचं कार्डावर. हज-उमराहसाठी आणि काही मोजक्या देशांसाठी ही मर्यादा वेगळी आहे. एका आर्थिक वर्षात एका माणसाची एकूण मर्यादा अडीच लाख डॉलर, ती आपल्या सहलींना आड येत नाही. १० लाख रुपयांवर आगाऊ कापला जाणारा कर, म्हणजे टीसीएस, हातखर्चाच्या चलनाला सहसा लागत नाही. लागलाच, तर आयकर विवरणपत्र भरून तो वळता करून घेता येतो.

आता भाव. कापसाचा भाव विचारताना आपला माणूस कट्टी, हमाली, आडत सगळं विचारतो. डॉलरचा भाव विचारताना फक्त बोर्डाकडे बघतो. प्रवाशांना एकच प्रश्न पाठ करून द्या : “पाचशे डॉलर माझ्या हातात पडायला सगळं धरून किती रुपये?” समजा एक जण ९०.४० भाव सांगतो आणि वेगळा आकार घेत नाही. दुसरा ८९.९० सांगतो, पण ३०० रुपये सेवाशुल्क लावतो. बोर्डावर दुसरा स्वस्त. हिशेब मांडला तर पहिल्याकडे ४५,२०० अधिक जीएसटी सुमारे ८१, म्हणजे ४५,२८१. दुसऱ्याकडे ४४,९५० अधिक ३००, चलनावरचा जीएसटी ८१ आणि सेवाशुल्कावरचा ५४, म्हणजे ४५,३८५. स्वस्त म्हणवणारा शंभरावर रुपयांनी महाग. जीएसटीचं गणित सोपं आहे : एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का, किमान २५० रुपये, ही करपात्र किंमत धरतात आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे एक लाखाला १८० रुपये आणि कितीही छोट्या व्यवहाराला किमान ४५. यापेक्षा जास्त जीएसटी पावतीत दिसला तर तो कशावर लावला ते विचारा. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, म्हणून विकणारा भावात जास्त फरक ठेवून बसतो. मंगळवार-बुधवारी जावं.

दुबईच्या प्रवाशांसाठी एक गुणाकार-भागाकार. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. सौदी रियालही तसाच, एका डॉलरला ३.७५. काउंटरवर डॉलर ९० ला मिळत असेल तर दिरहम साडेचोवीसच्या आणि रियाल चोवीसच्या आसपास हवा. दिरहमला २५.४० सांगितले तर दर दिरहमला नव्वद पैसे जास्त जातायत. दोन हजार दिरहम घेतले तर अठराशे रुपये. अशा वेळी डॉलरच न्यावेत आणि दुबईत शहरातल्या एक्स्चेंजमध्ये बदलावेत. विमानतळावर मात्र टॅक्सीपुरतेच बदला.

नोटांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. आपल्याकडे फाटकी नोट चिकटपट्टी लावून खपते. बँकॉक, बाली, हनोईच्या काउंटरवर डॉलरच्या नोटेला पेनची रेघ असली, कोपरा दुमडून तडकला असला, बारीकसा शिक्का असला तरी ती परत सरकवली जाते, नाहीतर कमी भावाने घेतली जाते. तिथले लोक नोट उजेडात धरून मागून पुढून बघतात. १०० डॉलरची नोट २०१३ पासून नव्या रूपात आली आहे, मधोमध निळी पट्टी असलेली. तीच मागून घ्यावी. जुन्या, छोट्या चेहऱ्याच्या नोटा कायदेशीर असूनही आशियात बऱ्याच ठिकाणी नाकारतात. काउंटर सोडायच्या आत प्रत्येक नोट पाहायची. घरी येऊन पाहिलेल्या नोटेची तक्रार कोणी ऐकत नाही. नोटा दुमडून कंबरेच्या कशात कोंबू नका, पासपोर्टच्या कव्हरात सपाट ठेवा. मोड किती घ्यायची हेही देशावर आहे. थायलंडमध्ये १०० डॉलरच्या नोटेला छोट्या नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो, त्यामुळे बदलायला मोठ्या नोटा. डॉलरच थेट द्यावे लागतील अशा ठिकाणी एक-पाचच्या दहा-बारा नोटा जवळ असाव्यात. युरोत उलटं : ५०० युरोची नोट छापणं २०१९ मध्येच थांबलं, दुकानदार ती घेत नाहीत. दहा, वीस आणि पन्नासच्या मागा.

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधी पैसे भरून ठेवलेलं कार्ड. त्यात डॉलर, युरो, पाउंड असे वेगवेगळे कप्पे असतात. भाव भरतानाच ठरतो, पुढे रुपया घसरला तरी फरक पडत नाही. पण कप्पा चुकला की फायदा गेला. युरोपच्या सहलीला डॉलर भरून दिलेले असले तर पॅरिसमधल्या प्रत्येक कॉफीवर डॉलरचे युरो होतात आणि बहुतेक कार्डांवर त्यासाठी वेगळा आकार लागतो. सहलीत स्वित्झर्लंड असेल तर तिथे फ्रँक लागतात, हे लक्षात ठेवा. युरो चालतात, पण दुकानदाराच्या भावाने, आणि उरलेले सुटे फ्रँकमध्ये मिळतात. कार्डातून एटीएमवर पैसे काढले की दर वेळेला आकार लागतो, सहसा दोन डॉलरच्या आसपास, वर तिथल्या मशीनचा वेगळा. थायलंडमध्ये मशीनचाच आकार दोनशे बाटच्या वर आहे. म्हणून पाच वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा. कार्ड देताना बहुतेक जण दोन प्रती देतात, मूळ आणि जोड. नवरा-बायको दोघंही एकाच पाकिटात ठेवतात, मग पाकीट गेलं की दोन्ही जातात. एक तिच्या पर्समध्ये, एक त्याच्या खिशात. चुकीचा पिन तीनदा दाबला की कार्ड बंद पडतं, तेव्हा निघण्याआधी पिन ठरवून घ्या, तो कार्डाच्या मागे पेनाने लिहू नका (हसू नका, लिहितात). हॉटेलच्या अनामतीसाठी आणि भाड्याच्या गाडीसाठी हे कार्ड देऊ नका. अनामतीची रक्कम कित्येक दिवस अडकून पडते आणि हातखर्चाला काही उरत नाही. त्यासाठी क्रेडिट कार्ड.

आता ज्या एका बटणामुळे सगळ्यात जास्त पैसे जातात, ते बटण. दुकानदार स्वाइप मशीन पुढे करतो. पडद्यावर दोन ओळी येतात : वर ३,००० बाट, खाली तेवढ्याचे रुपये. रुपयांची ओळ बहुतेकदा ठळक, हिरव्या बटणाशेजारी. रुपये ओळखीचे वाटतात, माणूस तेच दाबतो. इथे भाव तुमची बँक ठरवत नाही, दुकानदाराच्या मशीनची कंपनी ठरवते, आणि त्यात तिचा कमिशनचा हिस्सा धरलेला असतो. फॉरेक्स कार्ड असेल तर नुकसान दुहेरी. बाटचे रुपये झाले, आणि कार्डात रुपये नसल्याने त्या रुपयांचे पुन्हा डॉलर झाले. म्हणून नियम एकच : परदेशात पडद्यावर रुपये दिसले की नको म्हणायचं, त्या देशाचं चलन निवडायचं. एटीएमवर हाच प्रश्न इंग्रजीत, भाव मान्य आहे का अशा रूपात येतो. तिथे नाकारलं तरी पैसे मिळतात, व्यवहार रद्द होत नाही. लोक नेमके याच भीतीने हो म्हणतात. काही दुकानदार तुम्हाला न विचारता स्वतःच बटण दाबतात. पावतीवर ‘आयएनआर’ (म्हणजे भारतीय रुपये) दिसलं तर तिथेच, काउंटर न सोडता, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. गावी परतल्यावर ही तक्रार लढवणं कठीण जातं. तुमच्या बैठकीत बाकी काही राहिलं तरी चालेल, पण हा पडदा मोबाईलवर फोटो काढून प्रत्येकाला दाखवा.

बँकेचं साधं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड बहुतेकदा दोन ते साडेतीन टक्के परकीय चलन आकार घेतं, त्यावर जीएसटी. म्हणून ते अडीअडचणीलाच. फॉरेक्स कार्ड हरवलं, पोरगं आजारी पडलं, विमान चुकलं, तेव्हा हेच उपयोगी येतं.

इथे शाखाधिकाऱ्यांशी बोलतो. आपल्या भागात बरीच खाती सहकारी बँकांत आहेत आणि खातेदाराच्या हातात रुपे कार्ड आहे. ‘एटीएम कार्ड आहे ना, मग झालं’ अशी त्याची समजूत असते. ज्या रुपे कार्डावर डिस्कव्हर किंवा जेसीबी यांच्यासारख्या परदेशी कार्ड कंपनीच्या जाळ्याची खूण नाही, ते परदेशात चालेल असं धरू नये. खूण असली तरी २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्याने दिलेलं कार्ड भारतातच चालू असतं, परदेशी वापर खातेदाराने स्वतः चालू करून घ्यावा लागतो. ॲप असेल तर ॲपमधून, नसेल तर शाखेत अर्ज देऊन. तो अर्ज घेताना तीन गोष्टी विचारा : परदेशी वापर एटीएमसाठी हवा की दुकानासाठी की दोन्हींसाठी, दिवसाची मर्यादा किती, आणि नोंदवलेला मोबाईल नंबर परदेशात चालू राहणार का. तिसऱ्यात घोळ होतो. नंबर मुलाच्या नावावर असतो, मुलगा पुण्यात, ओटीपी पुण्यात. किंवा प्रवासी परदेशी सिम टाकतो आणि गावचं सिम डबीत ठेवतो. रोमिंग चालू करून गावचं सिम फोनमध्येच राहू द्या. बाहेर येणारे मेसेज वाचता आले पाहिजेत. खात्यात परस्पर काही घडलं आणि ग्राहकाची चूक नसताना त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर भार पडत नाही. हा नियम २०१७ पासून आहे, सहकारी बँकांनाही लागू आहे. पण कळवायला त्याला नंबर लागतो. पासबुकवरचा टोल-फ्री नंबर परदेशातून बहुधा लागत नाही. शाखेचा पूर्ण नंबर, पुढे ९१ लावून, कागदावर लिहून द्या.

यूपीआयबद्दल उत्साह फार आहे. सिंगापूर, दुबई, फ्रान्स, श्रीलंका, मॉरिशस, नेपाळ, भूतान इथे काही दुकानांत ते चालतं, सगळीकडे नाही. ॲपमध्ये परदेशी वापर वेगळा चालू करावा लागतो. भरवशाचा मार्ग म्हणून ते धरू नका. ट्रॅव्हलर्स चेकचा विषय संपला.

देशागणिक वाटणी वेगळी. सिंगापूर, दुबई, युरोप, ब्रिटन : एक भाग रोकड, दोन भाग कार्ड. लंडनच्या बसमध्ये तर २०१४ पासून रोख घेतच नाहीत, कार्ड टेकवायचं, आणि दिवसभर तेच कार्ड टेकवायचं. युरोपात मात्र रस्त्यावरच्या स्वच्छतागृहासाठी अर्ध्या-एक युरोची नाणी लागतात. नाणी भारतात मिळत नाहीत, म्हणून पोहोचल्यावर पहिली पाण्याची बाटली दहाच्या नोटेने घ्यायची. व्हिएतनाम, बाली, श्रीलंका : दोन भाग रोकड, एक भाग कार्ड. व्हिएतनाममध्ये २०,००० आणि ५,००,००० डोंगच्या दोन्ही नोटा निळ्या आहेत. रात्री रिक्षावाल्याला देताना शून्यं मोजा.

पशुपतिनाथाच्या यात्रेचं वेगळं. नेपाळ-भूतानच्या खासगी प्रवासासाठी परकीय चलन मिळतच नाही, तिथे रुपयेच न्यायचे. २०१८ अखेर नेपाळने २०० आणि त्यावरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या, पुढे ते नियम सैल झाले, तरी १०० च्या नोटांइतका निर्धास्तपणा दुसऱ्या कशात नाही. शंभर भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा भाव ठरलेला आहे. दुकानदार पाचशे म्हणाला की आधी विचारा : आयसी की एनसी? म्हणजे भारतीय की नेपाळी. एवढा एक प्रश्न न विचारल्याने शालीला दीडपटीहून जास्त पैसे जातात.

उरलेले पैसे परत विकताना भाव पडतो. समजा काउंटरचा विकण्याचा भाव ९०.८० आणि विकत घेण्याचा ८८.२०, तर उरलेल्या ३०० डॉलरमागे ७८० रुपये गेले. म्हणून सुरुवातीला कमी घ्या, कार्डात गावाहून मुलगा मागाहून भरू शकतो. परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतचं चलन घरी ठेवता येतं, त्यावरचं १८० दिवसांत परत विकावं लागतं. नाणी कोणी घेत नाही, ती विमानतळावरच्या चॉकलेटात घालवा.

तुमच्याकडून आम्हाला दोन गोष्टी हव्यात. आयोजकांनी सूचनापत्रकात ‘हातखर्चासाठी पुरेसे डॉलर’ या ओळीच्या जागी त्या देशाचं चलन, रोकड-कार्डाची वाटणी, आणि जेवण, बक्षिसी, ऐच्छिक स्थळं यांपैकी काय तुमच्या पैशांत धरलंय, हे आकड्यांत छापावं. शाखाधिकाऱ्यांनी अशा बैठकीला एक कर्मचारी पाठवावा, त्याने तिथेच प्रत्येकाचं कार्ड उलटसुलट करून पाहावं आणि परदेशी वापराचे अर्ज भरून घ्यावेत. चाळीस माणसांना दीड तास पुरतो.

आपले,
परकीय चलनाच्या काउंटरवर काम केलेले काही निवृत्त बँक कर्मचारी
जळगाव–धुळे

ता. क. : कपाटात कुणा पाहुण्याने ठेवून गेलेले पाउंड किंवा फ्रँक प्रवासी हौसेने बरोबर घेतात. कागदी २० आणि ५० पाउंडच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर ब्रिटनमधल्या दुकानांत चालत नाहीत, आता प्लॅस्टिकच्याच चालतात. स्वित्झर्लंडची आधीची मालिकाही ३० एप्रिल २०२१ ला मागे घेतली गेली. अशा नोटा त्या-त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेत बदलून मिळतात, पण सहलीची बस तिथे थांबत नाही.